आकड्याशेजारी वेळही लिहा

बीपी मोजायचं यंत्र आता घरोघरी आलं आहे. अनेक जण रोजचे आकडे एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये भरतात, त्यांचा आलेख काढतात आणि डॉक्टरांना दाखवतात. ही सवय फार चांगली आहे आणि ती प्रत्येकाने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पण आईच्या आजारपणात एक गोष्ट कळली, ती कळकळीने सांगते. नुसता आकडा लिहून भागत नाही. तो कधी घेतला, कसा घेतला, गोळीच्या आधी घेतला की नंतर, हे शेजारी नसेल तर सुबक आलेखही फसवतो.

आई सांगलीला मोठ्या भावाकडे असते, मी पुण्याला. तिला बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. मध्यंतरी गोळी बदलली तेव्हा घरी मोजून नोंद ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनी कामातून सवड काढून मोजायच्या आणि लगेच व्हॉट्सअॅपवर कळवायच्या, ‘आईंचं आज १५६-८४.’ मी तो आकडा शीटमध्ये भरायचे. रकाने तीनच होते : तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा. महिन्याची सरासरी वरच्या आकड्याची १३५ च्या आसपास येत होती, म्हणजे सगळं ठीक दिसत होतं.

आई मात्र म्हणायची, ‘उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते गं.’ एके दिवशी पूजा आटोपून पाटावरून उठताना तिचा तोल गेला. दाराची चौकट हाताशी आली म्हणून पडली नाही. दुसऱ्याच दिवशी दादाने तिला दवाखान्यात नेलं, मीही पोहोचले. डॉक्टरांनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘हे आकडे गोळीच्या आधीचे की नंतरचे?’

तसा रकानाच शीटमध्ये नव्हता. पण वहिनींच्या प्रत्येक मेसेजखाली वेळ होती. तिथेच बसून आम्ही वेळा भरल्या आणि तक्ता तारखेऐवजी वेळेप्रमाणे लावला. सकाळी उठल्यावर, गोळीआधी घेतलेले आकडे १५०-१६० च्या घरात होते. गोळी घेऊन दोन-तीन तास झाल्यावरचे ११०-११५. दोन्हींची सरासरी १३५, आणि आईचं बीपी त्या १३५ वर जवळपास कधीच नव्हतं! मग डॉक्टरांनी तिला आडवं करून बीपी पाहिलं आणि उभं करून पुन्हा पाहिलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ते चक्कर येऊन पडण्याचं कारण होऊ शकतं. आईचा वरचा आकडा त्याहून जास्त उतरला. त्यांनी गोळ्या आणि वेळा बदलून दिल्या आणि अंधारी येणं थांबलं. काय बदललं ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ते आईपुरतं होतं, दुसऱ्या कुणी तसं करून पाहू नये.

तक्त्यात काय असावं

तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, गोळी किती वाजता घेतली, बसून मोजलं की उभ्याने, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका. ‘रात्रभर झोप नाही’, ‘सर्दीची गोळी घेतली’, ‘गुडघ्यासाठी वेदनाशामक घेतलं’, ‘लग्नाचं जेवण झालं’, ‘चक्कर आली’ अशा दोन-तीन शब्दांनी डॉक्टरांना पुष्कळ कळतं. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही बीपी वाढतं, हे घरात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसावं. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवर नको. मोजताना बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं आणि दोन्ही आकडे लिहावेत. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वाढून येतो. डॉक्टरांना भेटण्याआधीचे सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी असं मोजावं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. दवाखान्यातली १४०-९० ही रेघ घरच्या मोजणीत १३५-८५ धरतात. तुमचं स्वतःचं लक्ष्य मात्र डॉक्टरांनाच विचारा.

शीट भरताना

वरचा आणि खालचा आकडा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ‘१३०/८०’ एकाच चौकटीत लिहिलं तर संगणक त्याला मजकूर समजतो, त्याची ना सरासरी निघते ना आलेख. दुखणं दहापैकी किती हे ‘७/१०’ असं लिहिलं तर शीट त्याची तारीख करून टाकते. ही खोड शास्त्रज्ञांनाही छळत आली आहे. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करत असे, म्हणून २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलावी लागली.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. शीटची मांडणी अमेरिकी असेल तर ५ एप्रिलसाठी लिहिलेलं ५/४ हे ४ मे होतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून पडून राहतात. ओळखायची खूण सोपी आहे. आपण काही फेरफार केलेला नसेल तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. सेटिंगमध्ये भारताची मांडणी निवडली की हा घोळ टळतो. आणि ज्या दिवशी मोजलं नाही तिथे शून्य लिहू नका, चौकट रिकामी ठेवा. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, शून्य धरलं जातं.

आलेख वाचताना

आलेखाच्या उभ्या रेघेवरचं माप शीट आपणहून ठरवते. त्यामुळे वजन ६२.१ वरून ६२.८ झालं तरी डोंगर चढल्यासारखं दिसतं आणि घरचे घाबरतात. हे माप स्वतः ठरवून कायम ठेवा. बीपीसाठी ५० ते २०० पुरतं.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात मी वर्षानुवर्षं नियंत्रण आलेख पाहिले. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत त्यांची कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक चढउतारामागे वेगळं कारण नसतं. थोडी हालचाल कुठल्याही प्रक्रियेत असतेच, आणि तिच्यामागे धावून दरवेळी फेरफार केले तर काम सुधारण्याऐवजी बिघडतं. शरीरालाही हे लागू आहे. काल १२८ आणि आज १३६ यावरून काहीच ठरत नाही. आठवडाभराची सरासरी वर सरकते आहे का, एकाच वेळेचे आकडे सतत जास्त येतात का, हे पाहा.

साखरेच्या नोंदीतही वेळेला तेवढंच महत्त्व आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर एकाच रकान्यात भरली तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ येते, तिच्यातून काही कळत नाही. दोन रकाने करा आणि जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून धरा. ग्लुकोमीटरचा आकडा प्रयोगशाळेइतका काटेकोर नसतो. १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे हे आंतरराष्ट्रीय मानकातही मान्य आहे. म्हणून १४० आणि १५० मधल्या फरकावरून घरात वाद नको. एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास. पण तीही सरासरीच आहे. मध्ये साखर फार खाली गेली होती का, हे तिच्यातून दिसत नाही. ते तुमच्या वेळेसकट लिहिलेल्या नोंदीतूनच दिसेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. आलेख छान आला म्हणून गोळी बंद करू नका. बहुतेक वेळा तो गोळीमुळेच छान आलेला असतो. आकडा वाढला म्हणून स्वतःहून दुसरी गोळीही घेऊ नका. आकडा १८०-१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं यांतलं काही असेल, तर शीट उघडत बसू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. आणि आकडे चांगले असूनही पेशंट ‘बरं वाटत नाही’ म्हणत असेल तर आधी पेशंटवर विश्वास ठेवा, आकड्यांवर नंतर.

तुमच्या घरी असा तक्ता असेल तर आजच त्यात वेळेचा, गोळीचा आणि शेऱ्याचा रकाना वाढवा. पुढच्या भेटीला जाताना त्याची छापील प्रत डॉक्टरांसमोर ठेवा, आणि गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.