हवेच्या बंदुकीचा चामडी वायसर : हाताने करता येण्याजोगे काम

उरूस-जत्रेतील फुगे फोडण्याच्या बंदुका आणि नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या जुन्या एअर रायफली दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते : "जोर गेला." गिऱ्हाईक स्प्रिंग बदलायला सांगते. आमचा सल्ला असा की, आधी वायसर पाहावा.

या बंदुकीत स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छर्रा फेकते. दट्ट्याच्या तोंडावरचा चामडी वायसर सुकला की हवा मागे निसटते. कधी गळती नळीच्या सांध्यावरच्या लहान वायसरमधून असते. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवून छर्रा भरून सुरक्षित मातीच्या ढिगात एक बार काढावा. कागद फडफडला तर दोष तेथेच आहे. रिकामा बार मात्र काढू नये. छर्ऱ्याचा अडथळा नसल्याने दट्ट्या थेट आपटतो.

खोलताना स्प्रिंग सुताराच्या लांब क्लॅम्पमध्ये दाबून धरावी. मोकळी सुटली तर दात आणि डोळे दोन्ही जातील.

नळकांड्याचा आतील व्यास २५ मि.मी. आहे असे धरू. ३ मि.मी. जाडीच्या, झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्याची ४५ मि.मी.ची चकती कापावी व कोमट पाण्यात मऊ करावी. लाकडी ठोकळ्यात २५ मि.मी.चे भोक पाडून, १९ मि.मी.च्या गोल दांड्याने चकती त्यात दाबावी. दोन्ही बाजूंच्या चामड्याची जाडी वजा केली की १९ उरतात. दांडा तसाच ठेवून ती एक दिवस-रात्र सावलीत सुकवावी; उन्हात सुकवली तर चामडे तडकते. मग कड धारदार सुरीने सरळ करून, तेलात मुरवून बसवावा. तेल भरपूर राहिले तर दाबाने पेट घेते, धूर येतो आणि स्प्रिंगचे आयुष्य घटते, म्हणून पुसून घ्यावे. नळकांड्यातील खाचेची धारदार कड बारीक पॉलिश पेपरने आधी मोडावी, नाहीतर नवा वायसर बसवतानाच कापला जातो. हे पुष्कळ कारागीर विसरतात.

खटक्याच्या अडकणीला कानस लावू नये. ती घासून "हलका खटका" करून देण्याची मागणी येते, पण बंदूक धक्क्यानेही सुटू लागते.

आणखी एक मागणी येते : जाड स्प्रिंग घालून जोर वाढवा, किंवा नळी मोठी करा. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच (४.५ मि.मी.) बोअर किंवा २० ज्यूल ऊर्जा यांपैकी एकही मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर गेला तर १० ज्यूल होतात; वेग २८३वर गेला की २०. वेग दीडपटही वाढलेला नसतो आणि मर्यादा गाठलेली असते. अशा कामाची मजुरी कितीही मिळो, आम्ही ते परत पाठवतो. दुरुस्तीचा धंदाच सुरू करायचा असेल तर मुंबईत पोलिस आयुक्तालयाकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेकडे आधी चौकशी करावी.