सूर कोणी कोणाला द्यायचा?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की जत्रेतला हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. मी म्हणतेय तो दुसरा, व्हायोलिन-चेलोवाला. मुंबईच्या एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (स्थापना 2006) हा त्यातलाच. इतकी वाद्यं एका सुरात येतात कशी? आधी ओबो नावाचं फुंकवाद्य एक 'ए' लांब धरतं, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी सहा. बाकीचे त्याला जुळवून घेतात. ओबोच का? आवाज धारदार, स्थिर, आणि आयत्या वेळी फारसा हलवता येत नाही. स्टेजवर पियानो असेल तर ओबोसुद्धा त्याचाच 'ए' घेतो, कारण पियानो ओबोपेक्षाही हट्टी.

हा 'ए' किती? 1859 मध्ये फ्रान्सने 435 हर्ट्झ ठरवला, 1939 मध्ये लंडनच्या परिषदेत 440 वर एकमत झालं. पण आकडा कागदावर. हॉल तापला की हवेतला ध्वनीचा वेग वाढून फुंकवाद्यं चढतात, तारा मात्र सैल होऊन उतरतात. म्हणून मध्यंतरानंतर पुन्हा ओबो!

आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या भजनात ओबोचं काम पेटी करते. बुवा काळी दोन धरतात, वीणेकरी खुंटी पिळतो, पखवाजवाला हातोडीने ठोकून शाईची बाजू सुरात आणतो. पेटी कुणाकडे जात नाही. तिचा सूर पितळी पत्ती घासल्याशिवाय बदलत नाही. टोकाला घासलं तर वजन घटून चढतो, बुडाशी घासलं तर ताठपणा घटून उतरतो. व्हायब्रेशनच्या पेपरातले 'के' आणि 'एम' ते हेच.

सुट्टीत मोबाईलवरच्या ट्यूनरने मी ती पेटी मोजली. पांढरी सहा 446! चुलतभाऊ म्हणाला, "म्हंजे बिघडलीय." मला तसं वाटत नाही. तिचे स्वर आपापसात जुळलेले आहेत आणि बुवांचा गळा तिच्यावरच तयार झालाय. घोटाळा होतो पोरांनी कीबोर्ड आणल्यावर. दोघांचा 'ए' एकत्र वाजला की सेकंदाला 6 हेलकावे, आणि बुवांच्या कपाळाला आठी. मग पोरं म्हणतात, "बुवा, पेटी ठेवा बाजूला." बुवा काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी गातही नाहीत.

खरं तर बऱ्याच कीबोर्डच्या मेनूत ट्यूनिंगचं सेटिंग असतं. तिथे 440 चे 446 करायला अर्धा मिनिट पुरतो. गॅदरिंगला पेटी घेणाऱ्यांनी आधी ती मोजावी, मग कीबोर्ड हलवावा. पेटीला कानस लावू नये.