घरी राहणाऱ्या आईचा कंटाळा

प्रश्न : मुलावर जीव असूनही नोकरी सोडल्यापासून दिवस पोकळ वाटतो, हा आईचा दोष मानावा काय, असे लालबागच्या एका वाचक मातेने विचारले आहे.

उत्तर : मुळीच नाही. मानसशास्त्रात कंटाळा म्हणजे आळस नव्हे, तर अर्थपूर्ण गोष्टीत मन गुंतावे अशी इच्छा असूनही ते न गुंतण्याची अस्वस्थ अवस्था होय. म्हणूनच माया आणि कंटाळा एकत्र नांदू शकतात. संगोपनाचे काम अखंड असते, पण ते पूर्ण झाल्याची खूण क्वचित मिळते, त्यामुळे कृतार्थता, म्हणजे आपल्या श्रमांना अर्थ असल्याची टिकाऊ जाणीव, एकटीने जोपासणे कठीण जाते. चाळीच्या सामाईक गॅलरीत हे एकटेपण वाटून घेतले जाई (तिथली कुचंबणाही खरीच होती). टॉवरच्या बंद दारांमागे तो आधार उरत नाही.

असा आधार मुंबईतल्या स्त्रियांनी कामातूनही उभा केला आहे. गिरगावात १९५९ साली सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलेल्या पापडांच्या कामातून लिज्जत हा उद्योग उभा राहिला, तर गिरणगावातील खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. काम स्वयंपाकघरातलेच होते, परंतु त्याला सोबत, मोबदला आणि प्रतिष्ठा लाभली. या मातेनेही आठवड्यातील काही तास मुलाच्या वडिलांकडे पूर्णपणे सोपवावेत आणि ते घरकामात न घालवता, इतरांच्या सहवासात होणाऱ्या, स्वतःच्या आवडीच्या कामाला द्यावेत. मात्र उदासी, झोप उडणे आणि कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तो केवळ कंटाळा न समजता, परळच्या केईएमसारख्या रुग्णालयातील मनोविकार विभागात दाखवावे.