डोक्यास मार लागलेल्या मुलाची बुद्धिपरीक्षा व शिक्षकाचे कर्तव्य

झाडावरून पडून अथवा वाहनाच्या अपघातात डोक्यास जबर मार लागलेले मूल काही आठवड्यांनी शाळेत परत येते. जखम भरलेली असते, मूल हिंडते-बोलते. तेव्हा ते पूर्ववत झाले असा आपला समज होतो. पुढे ते अभ्यासात मागे पडले की, ‘आळशी झाला’ असा ठपका त्याजवर येतो. हा ठपका ठेवण्यापूर्वी शिक्षकबंधुभगिनींनी थोडा विचार करावा.

अशा मुलांच्या बौद्धिक शक्तींची तपासणी मानसशास्त्रज्ञ करतात. आपल्याकडे बिने यांच्या कसोटीचे डॉ. कामत यांनी केलेले रूपांतर, तसेच वेक्स्लर यांच्या कसोटीवरून डॉ. मालिन यांनी नागपूर येथे १९६९ साली तयार केलेली कसोटी परिचित आहे. अशा कसोट्यांचे सर्व भाग सारखे नसतात. शब्दांचे अर्थ वा सामान्य माहिती विचारणारे प्रश्न पूर्वी शिकलेल्याचे माप घेतात. ते ज्ञान पुष्कळदा शाबूत राहते. उलटपक्षी, ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगणे किंवा खुणा भराभर उतरविणे यांत अवधान, तात्कालिक स्मृती व विचाराची गती यांचा कस लागतो. दुखापतीचा परिणाम येथे अधिक दिसतो. म्हणून एकूण बुद्ध्यंक साधारण आला, तरी नवा धडा शिकणे जड जाऊ शकते. शिवाय परीक्षा शांत खोलीत होते. वर्गातील गलबला तेथे नसतो.

दुखापतीपूर्वीचे मूल कसे होते, हे परीक्षकास ठाऊक नसते. ते शिक्षकास ठाऊक असते. त्याच्या जुन्या वह्या व गुणपत्रके जपून ठेवावीत. मूल किती वेळ लक्ष देते, दोन-तीन सूचना एकत्र दिल्यास कोणती विसरते, कालचा धडा आज किती आठवतो, केव्हा थकते व चिडते, याची तारीखवार नोंद करून ती पालकांमार्फत डॉक्टरांकडे पाठवावी.

एकदा परीक्षा झाली म्हणजे काम संपले, असे मानू नये. मेंदूची वाढ तारुण्यापर्यंत चालू असते. नियोजन व संयम यांची उणीव वरच्या इयत्तांत प्रथमच उघड होऊ शकते. यास्तव फेरतपासणी आवश्यक ठरते. तोवर पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, लेखनास जादा वेळ व मधून विश्रांती, एवढे तर कोणत्याही शाळेस शक्य आहे.