मट्टांचेरीची ज्यू पेठ : एक टिपण

मामा प्रवासी जहाजावर नोकरीला असल्यामुळे यंदाच्या सुटीत मला मुंबई ते कोची हा प्रवास घडला. जहाज विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला एक दिवस थांबते. बहुतेक प्रवासी तेवढ्या वेळात मट्टांचेरीची ज्यू पेठ पाहून येतात. मीही गेलो. इतिहास हा माझा विषय असल्याने तेथे जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्यू लोक आम्हा अलिबागकरांना नवे नाहीत. आमच्याकडे बेने इस्रायलांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यांची भाषा मराठीच. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू धर्मग्रंथ शिकविण्यास कोचीहून ज्यू शिक्षक येत. त्या शिक्षकांचे मूळ गाव पाहण्याची उत्सुकता मला होती.

केरळातील ज्यूंचा सर्वांत महत्त्वाचा लेखी पुरावा म्हणजे इ. स. १००० च्या सुमाराचे ताम्रपट. चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान यास पालखी, छत्री, वाद्ये यांचे मान आणि करांतून सूट दिली. पुढे १४९२ साली स्पेनने ज्यूंना हद्दपार केले. त्यानंतर तिकडून आलेल्यांना येथे 'परदेशी' म्हणू लागले. शब्द आपल्याच ओळखीचा आहे. त्यांनी १५६८ साली राजवाड्याला लागून सिनेगॉग बांधले. पोर्तुगीजांनी १६६२ मध्ये त्याची नासधूस केली. पुढे डचांच्या अमदानीत ते पुन्हा उभे राहिले. घड्याळाचा मनोरा १७६० चा. आत चिनी निळ्या-पांढऱ्या फरश्या, वर काचेची झुंबरे. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, अगदी आपल्या देवळासारखी.

परंतु आपल्यासारखे आणखीही काही तेथे होते. परदेशी ज्यू स्थानिक मलबारी ज्यूंशी लग्नसंबंध करीत नसत. गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या वंशजांना तर सिनेगॉगच्या मुख्य दालनात बरोबरीने बसता येत नसे. धर्म एक, ग्रंथ एक, तरीही पंक्तिभेद! बाहेरून येणाऱ्यालाही आपल्याकडची जात चिकटली, असेच म्हणावे लागेल.

याच वंशजांपैकी अब्राहम बराक सालेम (१८८२–१९६७) कॉलेजात शिकले, वकील झाले आणि कोचीनच्या कायदेमंडळाचे सभासदही झाले. सिनेगॉगमधील भेदाविरुद्ध त्यांनी बहिष्कार व सत्याग्रह हे मार्ग वापरले. लोक त्यांना 'ज्यू गांधी' म्हणत. त्यांच्या हयातीतच जुनी बंधने एकेक करून सैल झाली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी प्रथम मीच चढलो आहे. त्यामुळे झुंबरांपेक्षा सालेम यांची हकीकत माझ्या मनात अधिक राहिली. शिक्षणाने त्यांची स्वतःची सोय झालीच असती. ते तेवढ्यावर थांबले नाहीत.

१९४८ नंतर, विशेषतः १९५० च्या दशकात, बहुतेक कोची ज्यू इस्रायलला गेले. सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. आता स्थानिकांतून तेवढे जमत नाहीत. पेठेत जुन्या वस्तूंची व मसाल्यांची दुकाने आहेत आणि गर्दी पर्यटकांची आहे. तेथे जाणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी फरश्या अवश्य पाहाव्यात. मात्र त्या फरश्यांवर बसण्याचा हक्क कोणाला होता, हेही विचारावे.