हलतं शेड, न हलणारा पाया

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी शेतमालाचं यार्ड चालवायचं, तर एका जागी बांधलेल्या सावलीने भागत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनचा ढीग पडतो तिथेच पुढे कापसाच्या गाड्या उभ्या राहतात, आणि मे महिन्यात हमालांना सावली हवी असते ती काट्यापाशी. म्हणून चाकांवरचं लोखंडी शेड ही कल्पना मला पटते. मात्र ते करून घेणारा वेल्डिंगवाल्याला पाईप किती जाडीचा आणि पत्रा कुठल्या कंपनीचा एवढंच विचारतो. वाऱ्यात ते जमिनीला धरून कसं राहणार, हा विषय निघतच नाही. माझ्या मते पहिला पैसा तिथेच घालायला हवा.

हिशेब करून पाहा. वीस बाय पंधरा फुटांच्या शेडचं छप्पर २८ चौरस मीटरचं होतं. दोन इंची चौरस पाईपचा सांगाडा आणि पत्रे मिळून वजन भरतं साधारण चारशे किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो. त्यातला निम्माच छप्पर उचलायला लागला, तरी ३४० किलो झाले, म्हणजे शेड जवळजवळ तरंगायला आलं. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरसाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, हा वेग दिला आहे. तोच इथे धरला तर उचल तेराशे किलोंवर जाते. तात्पुरत्या बांधकामाला मिळणारी सूट घेतली, तरी साडेसातशे उरतातच. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला कोसळलेल्या जाहिरातीच्या फलकाने १७ जणांचा जीव घेतला. त्याच्या तपासात व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांना आढळलं, की तो पाया ताशी ४९ किलोमीटरच्याच वाऱ्याला पुरणारा होता. त्या दिवशी वारा होता ८७ चा. एवढा अवाढव्य सांगाडा पडला तो पायात कमी पडल्यामुळे.

यावर पहिलं उत्तर येतं, पाईप जाड घेऊ. दोनऐवजी तीन मिलिमीटरचा घेतला, तर फार तर दीडशे किलो वाढतील. उचल भागणार नाही आणि ढकलताना माणसं मात्र जास्त लागतील. दुसरं उत्तर, शेजारच्याचं शेड दहा वर्षं नुसतं उभं आहे. असेल. वळवाचं वादळ अर्धा गाव सोडून अर्ध्यावरून जातं, तेव्हा शेजाऱ्याचं नशीब हा काही आपला पाया नव्हे. तिसरं, मांडववाल्यासारख्या खुंट्या ठोकू. हे आपल्या काळ्या जमिनीत सगळ्यात फसवं. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते आणि खुंटी सैल होते, नेमकी वादळांच्या दिवसांत. पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी मऊ.

म्हणून दोन फूट लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचे ठोकळे जमिनीत टाकावेत. एकेकाचं वजन पाचशे चाळीस किलोंच्या घरात जातं. सिमेंट लागतं साधारण दीड पोतं. सोळा मिलिमीटरची सळई तळापर्यंत नेऊन वर खाचेत कडी ठेवायची, म्हणजे ट्रॅक्टर वरून गेला तरी अडत नाही. चार कोपऱ्यांना चार. ‘मग ते फिरतं कसलं?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण यार्डातल्या शेडच्या जागा दोन-तीनच असतात. काटा, चाळणी आणि रस्ता त्या ठरवतात. प्रत्येक जागी ठोकळे आधीच टाकून ठेवायचे. चेर्नोबिलच्या अणुभट्टीवरची छत्तीस हजार टनांची पोलादी कमानसुद्धा २०१६ साली रुळांवरून ३२७ मीटर सरकवली, ती आधी तयार केलेल्या पायावरूनच. एखाद्या दिवसासाठी भलत्याच जागी शेड न्यावं लागलं, तर दोनशे लिटरचे सहा ड्रम पाण्याने भरून खांबांना आवळावेत. बाराशे किलो होतात, आणि निघताना ओतून टाकता येतात.

चाकं फक्त हलवण्यापुरती. जागेवर आलं की जॅक लावून भार बेसप्लेटवर घ्यायचा. सिमेंटच्या फरशीवरची लहान चाकं काळ्या मातीत रुततात. टायरच्या बैलगाडीची जुनी चाकं बरी. तीन बाजूंना पत्रे ठोकून एकच उघडी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा: त्या बाजूने वारा शिरला की आतून वर ढकलतो आणि वरून ओढतो. बाजूंना शेडनेट पुरे, तेही वादळाआधी गुंडाळता येईल असं.

आणि हलवण्याच्या वाटेवर वरती तारा आहेत का, हे आधी पाहावं. अकरा केव्हीच्या उघड्या तारेपासून इमारतीच्या माथ्यालाही ३.७ मीटर उभं अंतर लागतं. इथे तर ढकलणाऱ्या चार-सहा जणांचे हात लोखंडावरच असतात. तारेखालूनच वाट असेल, तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय चाक हलवू नये.