बॉल पायात नसताना

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की सामना सुटल्यावर पहिला प्रश्न एकच: गोल कुणी मारला? पेठेच्या संघातून मी हाफला खेळलो, आता शाळेच्या पोरांना शिकवतो, आणि हा प्रश्न दोन्हीकडं ऐकत आलोय. हाफला खेळणाऱ्याकडं त्याचं उत्तर बहुतेक वेळा नसतं. त्याचं निम्म्याहून जास्त काम बॉलपासून लांब चालतं. ते काम ओळखायचं कसं आणि पोरांना शिकवायचं कसं, हे मला दक्षिण कोरियाच्या पार्क जी-सुंगची कारकीर्द बघता बघता कळत गेलं. मँचेस्टर युनायटेडकडून सात हंगामांत 205 सामने आणि 27 गोल, देशाकडून 100 सामने आणि 13 गोल. नुसत्या आकड्यांवर कुणी त्याचं पोस्टर भिंतीला लावणार नाही. तरीही त्या सात हंगामांत युनायटेडनं इंग्लंडची लीग चारदा जिंकली, आणि मोठ्या सामन्याआधी प्रशिक्षक फर्ग्युसनला हा माणूस हटकून आठवायचा. त्याच्याकडून उचललेल्या आणि मैदानावर वापरून बघितलेल्या या काही गोष्टी.

1. अंगकाठी बघून पोरगं खोडू नका

पार्क सोलजवळच्या सुवोन शहरात वाढला. खेळ चांगला, पण चण लहान आणि तळपाय सपाट. पोराला मांस खायला मिळावं म्हणून वडिलांनी मांसाचं दुकान काढलं. ताकद यावी म्हणून त्याला बेडकाचा अर्कही पाजला. तरी शाळा संपताना व्यावसायिक क्लबांनी त्याच्याकडं पाठ फिरवली. मोठ्या मुश्किलीनं म्योंगजी विद्यापीठात जागा मिळाली. 2000 साली जपानच्या क्योटो क्लबनं त्याला घेतलं, आणि दोनच वर्षांत तो वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये उभा होता.

निवड चाचणीला मी एक पोरगं धरतो आणि थोडा वेळ फक्त त्यालाच बघतो, बॉल कुठंही असो. आपल्या टीमचा बॉल गेला की हा काय करतो? कमरेवर हात ठेवून उभा राहतो, का मागं पळत सुटतो? एकदा एक बारकं पोरगं चाचणी झाल्यावर रडकुंडीला येऊन म्हणालं, “सर, बॉलच आला न्हाई माझ्याकडं.” त्याला म्हटलं, “अरे, तुझ्या बाजूनं त्यांचाही बॉल आला नाही, ते मी बघितलंय.” पोरगं टीममध्ये आलं.

2. बॉल येण्याआधी कुठं उभे आहात ते बघा

14 जून 2002, त्याच वर्ल्ड कपमध्ये, इंचॉन. पोर्तुगालविरुद्ध 70वं मिनिट. डावीकडून ली यंग-प्योचा क्रॉस आला. लांबच्या टोकाला उभ्या पार्कनं तो छातीवर घेतला, उजव्या पायानं अंगावर आलेल्या खेळाडूच्या पलीकडं उचलला आणि खाली पडायच्या आत डाव्या पायानं गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून मारला. तिथून तो धावत सुटला तो थेट प्रशिक्षक गुस हिडिंकच्या मिठीत. पोर्तुगाल स्पर्धेबाहेर.

पोरांना हा गोल दाखवला की पुढचा आठवडाभर सगळे छातीवर बॉल घेऊन उचलायच्या मागं लागतात. मी व्हिडिओ मागं घेतो आणि क्रॉस सुटायच्या क्षणाला थांबवतो. पार्क कुठं आहे? गर्दीतून सुटून, उजवीकडं मोकळा. बाकी सगळे बॉलकडं ओढले गेलेत, हा जागा धरून राहिलाय. पायातली जादू प्रत्येकाला जमेलच असं नाही, पण योग्य जागी थांबणं सरावानं नक्की जमतं. क्रॉसच्या सरावात म्हणून मी शिट्टी क्रॉसच्या आधी वाजवतो. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, आणि आपण तिथं का उभे आहोत ते सांगायचं.

3. घरच्या प्रेक्षकांनी झोडपलं तर पोराला थोडं आडोशाला न्या

वर्ल्ड कपनंतर 2003च्या सुरुवातीला हिडिंकनं पार्कला नेदरलँड्सला, आइंडहोव्हनच्या पीएसव्ही क्लबमध्ये आणलं. गुडघ्याचं दुखणं, नवी भाषा, नवा देश. खेळ बसेना, आणि घरचेच प्रेक्षक त्याच्या पायात बॉल गेला की हुर्यो करू लागले. हिडिंकनं साधा उपाय केला: काही काळ त्याला घरच्या मैदानावर उतरवायचंच नाही, फक्त बाहेरगावच्या सामन्यांत खेळवायचं. हळूहळू खेळ सुधारला. मे 2005 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये एसी मिलानविरुद्ध पहिला गोल त्यानंच मारला. तो सामना पीएसव्हीनं 3-1 असा जिंकला. दोन्ही सामन्यांची बेरीज 3-3 झाली आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या नियमानं मिलान पुढं गेलं. पण हुर्यो करणारी तीच गॅलरी तोवर पार्कच्या नावाचं गाणं म्हणायला लागली होती.

कोल्हापूरच्या गॅलरीबद्दल वेगळं सांगायला नको. एक चुकीचा पास गेला की पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. अशा पोराला बसवून ठेवलं तर ते खचतं, आणि हट्टानं त्याच गर्दीसमोर उभं केलं तरी खचतं. त्याला जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेत खेळवा. जिथं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, तिथं दोन चांगले पास जाऊ द्या.

4. मार्किंग म्हणजे पाठलाग नव्हे

मार्च 2010, युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान, समोर पुन्हा मिलान. एरवी कडेनं खेळणाऱ्या पार्कला फर्ग्युसननं मधे आणलं आणि काम एकच दिलं: आंद्रेआ पिर्लोला खेळू द्यायचं नाही. पिर्लो म्हणजे मिलानचं इंजिन, सगळे पास त्याच्यातून फिरायचे. युनायटेडनं सामना 4-0 नं जिंकला, त्यातला एक गोल पार्कचा. पुढं पिर्लोनं आत्मचरित्रात या पहाऱ्याची आठवण लिहिली आहे.

आमची पोरं ‘मार्क कर’ म्हटलं की समोरच्याच्या पाठीला चिकटतात आणि फाउल देऊन बसतात. पार्क बघत राहायचा तो बॉलपासून पिर्लोपर्यंतची वाट. त्या वाटेत तो आडवा उभा राहायचा, म्हणजे पास देणारा आधीच विचार बदलतो. सरावात मी एका पोराला हे एवढंच काम देतो आणि बाकीच्यांना मोजायला लावतो, त्याच्या माणसाकडं किती पास पोचले. त्या दिवशीचा हिरो तोच.

5. यादीतून नाव गाळणार असाल तर तोंडावर सांगा

2008च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये बार्सिलोनाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत पार्क पूर्ण वेळ पळत होता. मग मॉस्कोत चेल्सीविरुद्ध फायनल आली. अकरांत त्याचं नाव नाही, बदली खेळाडूंतही नाही. युनायटेडनं कप जिंकला आणि पार्क सुटाबुटात बघत राहिला. त्या निर्णयाची खंत फर्ग्युसननं नंतर बोलून दाखवली. पार्कनं आदळआपट केली नाही. पुढच्या वर्षी रोमच्या फायनलमध्ये तो पहिल्या अकरांत होता. चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये खेळलेला तो पहिला आशियाई.

कितीही विचार करून निवडा, कुणावर तरी अन्याय होणारच. तो टाळता येत नसेल तर निदान पोराला नोटीस बोर्डावरून कळू देऊ नका. मी यादी लावायच्या आधी बाजूला घेऊन सांगतो, कारणासकट. रडलं तर रडू देतो.

6. स्वतःसाठी गप्प बसा, धाकट्यांसाठी बोला

मे 2010 मध्ये साइतामाला जपानविरुद्ध पार्कनं सहाव्याच मिनिटाला गोल मारला. ना उड्या, ना आरडाओरडा. जपानी प्रेक्षकांकडं शांतपणे बघत तो संथ पळत गेला. स्टेडियम गार. कोरियात त्या पळण्याची आठवण अजून काढतात.

पण याच माणसानं एका गोष्टीवर पुढं तोंड उघडलं. युनायटेडच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर रचलेल्या गाण्यात कोरियन लोक कुत्रं खातात असा टोमणा होता. तरुणपणी आपल्या नावाचं गाणं आहे याचंच त्याला अप्रूप वाटलं, बाकीचं त्यानं गिळलं. 2021 मध्ये कोरियाचाच ह्वांग ही-चान वुल्व्ह्ज क्लबमध्ये आला, तर त्याच्यासमोरही तेच गाणं सुरू झालं. तेव्हा पार्कनं जाहीर विनंती केली: हे आता थांबवा, नव्या पोरांना हे सोसावं लागू नये. जुन्या खेळाडूंचं हे कामच आहे. ‘आम्हीपण सोसलं’ असं म्हणून नव्यांना त्याच रांगेत उभं करू नये.

7. थांबायचं ते स्वतः ठरवा

जानेवारी 2011, दोहाचा आशिया कप. याच स्पर्धेत पार्क कर्णधार असलेल्या कोरियानं भारताला 4-1 असं हरवलं, आणि त्यात अठरा वर्षांच्या सोन ह्युंग-मिननं देशासाठी पहिला गोल मारला. सेमीफायनलला जपानविरुद्ध पार्कचा शंभरावा सामना, पेनल्टींवर हार. स्पर्धा संपताच त्यानं देशाकडून खेळणं थांबवलं. वय तिशीच्या उंबरठ्यावर. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या, आणि युरोप-आशियाच्या लांब प्रवासांनी गुडघे अजून दमायचे. क्लबकडून तो आणखी तीन वर्षं खेळला आणि 2014 मध्ये गुडघ्यापुढं हात टेकून पूर्ण थांबला.

आमच्याकडं गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून ‘एवढा एक सीझन’ म्हणणारे प्रत्येक तालमीत सापडतात. पेठेच्या इज्जतीपायी खेळतात आणि चाळिशीत जिना चढताना कठडा धरतात. त्यांना माझं सांगणं आहे की शेवटचा सामना गुडघा ठरवायच्या आत तुम्ही ठरवा, आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर या. पोरांना कुठं उभं राहायचं हे सांगणारी माणसं आम्हाला कमी पडताहेत, आणि ते सांगायला धड गुडघा लागत नाही.